रीप्ले परत द्या

क्रिस्टल पॅलेसने १७ मे २०२५ रोजी वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला १-० असं हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेचा चषक, जिंकला. सोळाव्या मिनिटाला डॅनियल मुन्योझने उजव्या बाजूने क्रॉस दिला आणि एबेरेची एझेने चेंडू न थांबवता थेट जाळ्यात मारला. छत्तिसाव्या मिनिटाला सिटीला पेनल्टी मिळाली. सगळ्यांची नजर सिटीच्या आघाडीच्या हालांडवर होती, पण त्याने चेंडू सहकारी ओमर मार्मूशच्या हाती दिला आणि पॅलेसचा गोलरक्षक डीन हेंडरसनने मार्मूशचा फटका अडवला. त्याआधी हेंडरसनने पेनल्टी क्षेत्राबाहेर चेंडूला हात लावला होता, तरी त्याला लाल कार्ड मिळालं नाही. त्यावर सिटीचे समर्थक चिडले आणि त्यांचं चिडणं मला समजू शकतं. उरलेला जवळजवळ सगळा वेळ चेंडू सिटीच्याच पायांत होता, पण गोल झाला नाही. १९०५ पासून खेळणाऱ्या पॅलेसचा हा पहिला मोठा चषक. ज्याच्या गोलवर तो आला त्या एझेला तेराव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीने घरी पाठवलं होतं, पुढे फुलम, रेडिंग आणि मिलवॉल या क्लबांनीही त्याला ठेवून घेतलं नव्हतं.

मला या निकालाचा मनापासून आनंद झाला. पण त्याच हंगामापासून इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, या स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांतला रीप्ले (बरोबरीत सुटलेला सामना दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळण्याची पद्धत) कायमचा बंद केला, आणि पॅलेसचा विजय आता त्या निर्णयाच्या समर्थनार्थ पुढे केला जाऊ शकतो. रीप्ले गेला तरी लहान क्लब जिंकतोच आहे ना, मग बिघडलं कुठे, असा तो युक्तिवाद असेल. तो मान्य करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पॅलेस हा प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च पायरीवरचा क्लब आहे. त्या लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्या संघालाही हंगामाकाठी १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. सिटीच्या शेजारी उभा केला तर पॅलेस लहान दिसतो, एवढंच. एफए कपमध्ये दर वर्षी ७०० हून अधिक क्लब उतरतात आणि त्यांतले बहुसंख्य ज्या पायरीवर खेळतात तिथून पॅलेस गर्भश्रीमंत वाटतो. रीप्ले गेल्याने काय गेलं, हे त्या पायऱ्यांवर जाऊन पाहायला हवं.

त्यासाठी त्याच हंगामातली तिसरी फेरी पुरेशी आहे. १२ जानेवारी २०२५, रविवार. स्टॅफर्डशायरमधल्या टॅमवर्थ या गावात टॉटनहॅम हॉटस्पर खेळायला आला होता. टॅमवर्थचा संघ नॅशनल लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या उतरंडीतल्या पाचव्या पायरीवरचा. ‘द लॅम्ब ग्राउंड’ हे त्यांचं कृत्रिम गवताचं छोटंसं मैदान. खेळाडू अर्धवेळ, आठवडाभर नोकरी करून सराव करणारे. गोलरक्षक जस सिंग इमारतींची पाहणी करणारा सर्व्हेअर. टॉम टॉन्क्स बाजूच्या रेषेवरून दोन्ही हातांनी चेंडू थेट गोलच्या तोंडाशी फेकायचा आणि टॉटनहॅमच्या लाखमोलाच्या बचावफळीची प्रत्येक वेळी तारांबळ उडायची. नव्वद मिनिटं संपली तेव्हा फलक ०-० होता.

आदल्या वर्षीपर्यंतचा नियम असता तर सामना इथे थांबला असता. सर्व्हेअर, त्याचे सहकारी आणि गावातले समर्थक बसमधून लंडनला गेले असते. ६२ हजारांहून अधिक प्रेक्षक मावणाऱ्या टॉटनहॅमच्या मैदानावर दुसरा सामना झाला असता. एफए कपच्या रिवाजाप्रमाणे खर्च वजा जाता तिकीटविक्रीतला जवळपास निम्मा वाटा टॅमवर्थच्या खात्यात पडला असता. टीव्हीवर सामना दाखवला गेला असता तर त्याचे पैसे वेगळे. तिथे ते सहा गोलांनी हरले असते तरी क्लबचा पुढच्या काही हंगामांचा घोर मिटला असता, आणि त्या मैदानावर उतरल्याची आठवण त्या माणसांना जन्मभर पुरली असती.

नव्या नियमाने सामना जादा वेळेत गेला. टॉटनहॅमने सन ह्युंग-मिन आणि देयान कुलुसेवस्की यांना उतरवलं. दिवसभर उभे राहून काम करण्याची सवय असलेले पाय आणि व्यावसायिक खेळाडूचे पाय यांच्यातला फरक शंभराव्या मिनिटानंतर दिसतो, तसा तो दिसला. आधी टॅमवर्थचा स्वयंगोल, मग कुलुसेवस्की, मग ब्रेनन जॉन्सन. ०-३. नव्वद मिनिटं एका प्रीमियर लीग संघाला रोखून धरल्याबद्दल टॅमवर्थला मिळालं काय? टाळ्या मिळाल्या आणि तीस मिनिटांची जादा धावपळ मिळाली.

रीप्लेविषयीची चर्चा बहुधा ‘धक्कादायक निकाल’ या एकाच अंगाने होते, म्हणून मी हे इतकं सविस्तर मांडतो आहे. एकाच सामन्यात आणि त्यातही पेनल्टी शूटआउटमध्ये लहान संघ जिंकण्याची शक्यता जास्त असते, असं रीप्लेचे विरोधक म्हणतात. त्यात तथ्य आहे. दोनदा खेळलं की बलवान संघाला चूक सुधारायची संधी मिळते. जानेवारी २०२६ मध्ये सहाव्या पायरीवरच्या मॅकल्सफील्डने गतविजेत्या पॅलेसलाच आपल्या मैदानावर २-१ असं हरवलं, आणि त्यासाठी त्यांना रीप्लेची गरज पडली नाही. पण रीप्लेचं काम लहानाला जिंकून देणं हे कधीच नव्हतं. लहान संघाने मोठ्याशी बरोबरी केली तर त्या बरोबरीला काही किंमत असावी, एवढंच त्याचं काम होतं. आज मोठ्या क्लबविरुद्ध बरोबरी साधणं आणि अर्ध्या डझन गोलांनी हरणं यांत लहान क्लबच्या हिशेबवहीत फारसा फरक उरलेला नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

एक्सेटर सिटीचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २००३ साली हा क्लब दुसऱ्या ते चौथ्या पायरीच्या फुटबॉल लीगमधून खाली घसरला आणि कर्जात बुडाला. त्याचा कारभार समर्थकांच्या ट्रस्टने हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये तिसऱ्या फेरीत त्यांना ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी खेळायचं होतं. ६७,५५१ प्रेक्षकांसमोर त्यांनी युनायटेडला ०-० असं रोखलं. मग रीप्लेसाठी युनायटेड एक्सेटरला आलं. पहिल्या सामन्यात तरुण पोरं खेळवणाऱ्या युनायटेडच्या प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी या वेळी जोखीम घेतली नाही, आणि रोनाल्डो व रूनी यांनी एकेक गोल केला. एक्सेटर ०-२ हरलं. पण त्या दोन सामन्यांच्या कमाईने क्लब वाचला. तो २००८ मध्ये फुटबॉल लीगमध्ये परतला. युनायटेडच्या लेखी तो एक कंटाळवाणा बुधवार होता. एक्सेटरच्या समर्थकांना आजही विचारा, आपला क्लब कुठल्या सामन्याने वाचवला म्हणून.

मग एफएने हे का केलं? एप्रिल २०२४ मध्ये एफए आणि प्रीमियर लीग यांच्यात सहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार पहिल्या फेरीपासून पुढे रीप्ले बंद झाला, फायनलच्या शनिवारी प्रीमियर लीगचा एकही सामना ठेवायचा नाही असं ठरलं, आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी लीगकडून वर्षाला ३ कोटी ३० लाख पौंडांपर्यंत जादा मदत मिळेल असं जाहीर झालं. फायनलला स्वतःचा दिवस परत मिळाला ही गोष्ट चांगलीच झाली, ते मी नाकारत नाही. पण खालच्या विभागांतल्या अनेक क्लबांनी त्याच आठवड्यात जाहीर निवेदनं काढली की आम्हाला कुणी विचारलं नाही. आपल्या मंडळांवरच्या लीग प्रतिनिधींना हे सगळं माहीत होतं, असं उत्तर एफएने दिलं. प्रतिनिधीला माहीत असणं आणि ज्याच्या पोटावर पाय येणार त्याला विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दीडशे वर्षं कारभार करणाऱ्या संस्थेला कळायला हवं होतं.

कारण म्हणून सांगितलं गेलं वेळापत्रक. सामने फार झाले, खेळाडू थकतात. खेळाडू थकतात हे खरंच आहे. सिटीचा रॉड्री सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणाला होता की खेळाडू संपाच्या जवळ येऊन ठेपले आहेत. काही दिवसांतच आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याचा जवळजवळ सगळा हंगाम वाया गेला. पण ही गर्दी केली कुणी? त्याच २०२४-२५ च्या हंगामात युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यातले सामने सहावरून आठ केले आणि त्यांच्यापुढे आणखी एक बाद फेरी जोडली. सिटी अंतिम सोळातही पोहोचली नाही, तरी युरोपात तिचे दहा सामने झाले. वेम्बलीवरच्या पराभवानंतर महिनाभरात तोच संघ फिफाच्या ३२ संघांच्या नव्या क्लब विश्वचषकासाठी अमेरिकेत होता, तिथे आणखी चार सामने. इंग्लंडमधल्या लीग कपची उपांत्य फेरी आजही दोन सामन्यांची आहे, तिला हात लागला नाही. एफए कपमध्ये मात्र पाचव्या फेरीपासूनचे रीप्ले आधीच गेले होते. प्रीमियर लीगचे संघ तिसऱ्या फेरीत उतरतात. म्हणजे राहिलेला नियम पाळून कुठल्याही मोठ्या क्लबच्या वाट्याला हंगामात फार तर दोन रीप्ले आले असते, तेही दोन्ही सामने बरोबरीत सुटले तर! त्या दोन तारखा काढून घेतल्या गेल्या आणि युरोप-अमेरिकेतल्या जादा तारखांना कुणी धक्का लावला नाही.

घरात पाहुण्यांची गर्दी झाली म्हणून म्हाताऱ्या आईची खाट ओसरीवर काढावी, तसं हे झालं. जागा खरोखर कमी असेल तर प्रश्न असा विचारायचा असतो की सर्वात शेवटी आलं कोण.

एफए कप हा त्या घरातला सर्वात जुना माणूस आहे. १८७१-७२ च्या हंगामात १५ क्लबांनिशी तो सुरू झाला. पहिला अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर झाला, वाँडरर्सने रॉयल इंजिनीअर्सला १-० असं हरवलं. सुरुवातीची अकरा वर्षं तो सुखवस्तू शाळा-कॉलेजांतल्या आणि लष्करातल्या सभ्य गृहस्थांच्या संघांकडेच राहिला. १८८३ मध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावातून ब्लॅकबर्न ऑलिंपिक आला. त्यात विणकर होते, कारागीर होते. त्यांनी ओल्ड इटोनियन्सना, म्हणजे ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला, जादा वेळेत २-१ असं हरवलं आणि चषक पहिल्यांदा उत्तरेकडे गेला. इंग्लंडमध्ये फुटबॉल हा कामगारांचा खेळ झाला, त्याची एक ठळक नोंद म्हणून इतिहासकार या सामन्याकडे बोट दाखवतात. कोणताही क्लब, कोणत्याही क्लबसमोर, चिठ्ठी निघेल तसा. ही या स्पर्धेची मूळ अट आहे, आणि जिथून कधीच बोलावणं येणार नाही अशा मैदानावर जायचा हक्क लहान क्लबला रीप्लेनेही दिला होता.

पॅलेसचा स्वतःचा भूतकाळसुद्धा रीप्लेशी बांधलेला आहे. १८९५ ते १९१४ या काळात एफए कपचे अंतिम सामने क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावरच होत असत, क्लबचं नाव तिथूनच आलं. आणि १९९० साली हा क्लब पहिल्यांदा फायनलला पोहोचला तेव्हा १२ मे रोजी वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडशी ३-३ अशी बरोबरी झाली. इयन राइट पायाच्या दुखापतीतून जेमतेम उठला होता. तो राखीव खेळाडू म्हणून आत आला, काही मिनिटांत गोल केला, जादा वेळेत दुसरा केला. मार्क ह्यूजने शेवटी बरोबरी साधली नसती तर कप तेव्हाच पॅलेसचा होता. पाच दिवसांनी, १७ मे रोजी, रीप्लेमध्ये ली मार्टिनच्या एका गोलने युनायटेड जिंकलं. फर्ग्युसन यांचा युनायटेडमधला पहिला चषक तो. बरोबर ३५ वर्षांनी, त्याच तारखेला, पॅलेसने सिटीला हरवलं. दुसरी संधी मिळून पॅलेस हरला होता, हे उघड आहे. तरीही १९९० च्या त्या आठवड्याबद्दल पॅलेसची माणसं ज्या जिव्हाळ्याने बोलतात, तसं ते पेनल्टीवर हरलेल्या सामन्याबद्दल बोलले असते असं मला वाटत नाही.

आणि हेरफर्ड. एफए कपच्या इतिहासातला बहुधा सर्वात प्रसिद्ध गोल हा रीप्लेमधला आहे. फुटबॉल लीगबाहेरच्या सदर्न लीगमधल्या हेरफर्ड युनायटेडने जानेवारी १९७२ मध्ये पहिल्या विभागातल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च पायरीवरच्या न्यूकॅसलला त्यांच्याच मैदानावर २-२ असं रोखलं. रीप्ले पावसापाण्याने पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला आणि शेवटी ५ फेब्रुवारीला हेरफर्डच्या एडगर स्ट्रीटवर झाला. मैदानाचा नुसता चिखल झाला होता. माल्कम मॅकडोनल्डने उशिरा गोल करून न्यूकॅसलला पुढे नेलं. मग रॉनी रॅडफर्डने, हा पेशाने सुतार, मधल्या चिखलात चेंडू परत घेतला आणि जवळजवळ तीस यार्डांवरून वरच्या कोपऱ्यात मारला. मैदानात घुसलेली पोरं आजही त्या चित्रफितीत दिसतात. जादा वेळेत रिकी जॉर्जने विजयी गोल केला. आजच्या नियमाने तो सामना न्यूकॅसलच्याच मैदानावर जादा वेळेत किंवा पेनल्टीवर संपला असता आणि रॅडफर्ड हे नाव हेरफर्डबाहेर कुणाला ठाऊक झालं नसतं. एफए आपल्या स्पर्धेच्या जाहिरातींत ज्या आठवणी विकते, त्यांतल्या कितीतरी या बंद केलेल्या नियमातूनच आल्या आहेत.

पैशाच्या बाजूने एक उत्तर दिलं जातं: प्रीमियर लीग वर्षाला एवढी रक्कम खाली पाठवते, मग एखाद्या क्लबला रीप्लेची लॉटरी कशाला लागायला हवी? सगळ्यांना थोडं थोडं वाटणं जास्त न्याय्य नाही का? मी यावर बराच विचार केला. मदत हवीच, वाढायलाही हवी. पण मदत देणारा ती उद्या थांबवू शकतो, आणि ती स्वीकारणारा त्याच्या मर्जीत राहतो. टॅमवर्थला नव्वद मिनिटं झुंजून जो वाटा मिळाला असता तो मेहनतीचा पैसा असता, त्यासाठी कुणाचे आभार मानावे लागले नसते. लहान क्लबांना स्वतः कमावण्याची वाट बंद करायची आणि मग अनुदान द्यायचं, या व्यवहाराला मी न्याय म्हणणार नाही.

मुंबईने हे दुखणं पाहिलं आहे. इंग्लिश पलटणींनी आणलेल्या याच बाद पद्धतीवर १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. कूपरेजवर हैदराबाद पोलिसांनी १९५० पासून सलग पाच वर्षं तो जिंकला. मफतलाल, ऑर्के मिल्स यांसारख्या गिरण्यांच्या संघांना देशातल्या नामांकित क्लबांशी खेळायला मिळालं ते अशा स्पर्धांमुळे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली. लीग हवीच होती, पण तिच्या कॅलेंडरमध्ये जुन्या स्पर्धांसाठी जागा आक्रसत गेली. २०००-०१ नंतर रोव्हर्स झालाच नाही. एकदा स्पर्धा कॅलेंडरमध्ये अडचण वाटायला लागली की तिचे लचके एकेक करून तोडले जातात. एफए कपच्या बाबतीतही तोच क्रम दिसतो: अंतिम सामन्याचा रीप्ले, उपांत्य फेरीचा, मग पाचव्या फेरीचा, आणि आता सगळेच.

सरसकट जुनं सगळं परत आणा असं माझं म्हणणं नाही. अंतिम सामना त्याच दिवशी संपावा, हे मला मान्य आहे. दोन प्रीमियर लीग क्लबांमधल्या बरोबरीसाठीही रीप्ले नको. पण पहिल्या ते चौथ्या फेरीत वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या दोन क्लबांचा सामना नव्वद मिनिटांत बरोबरीत सुटला, तर रीप्ले हवा की जादा वेळ, हे खालच्या पायरीवरच्या क्लबला ठरवू द्या. मॅकल्सफील्डसारख्याला आपल्या मैदानावर तिथेच निकाल लावायचा असेल तर तो जादा वेळ निवडेल. टॅमवर्थसारखा लंडनला जाईल. मोठ्या क्लबला तो बुधवार जड वाटत असेल तर त्याने अकादमीतली पोरं खेळवावीत. त्या पोरांना तरी असा सामना कुठे मिळतो?

हा नियम करायला एफएला युएफाची परवानगी लागत नाही, स्पर्धा तिची आहे. सध्याचा करार सहा वर्षांचा आहे. पुढच्या कराराची बोलणी सुरू होतील तेव्हा प्रीमियर लीगच्या प्रतिनिधींसमोर नॅशनल लीगमधल्या आणि त्याखालच्या क्लबांची माणसंही बसलेली असली पाहिजेत, आणि त्यांच्या संमतीवाचून तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या नियमांवर सही होता कामा नये.